झोपण्यापूर्वी विझवायची आग

थंडीचे दिवस आले की ऊब ही किती मोठी देणगी आहे, याची जाणीव माणसाला नव्याने होते. वर्षातील इतर महिन्यांत आपण तिचा विचारही करीत नाही. पवित्र कुरआनने मात्र तिचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. सूरह अन्-नहलच्या पाचव्या आयतीत गुराढोरांच्या निर्मितीविषयी सांगताना अल्लाहने त्यांच्या मांसाच्या व इतर लाभांच्या आधी त्यांच्यापासून मिळणाऱ्या उबेचे नाव घेतले आहे. पुढे त्याच सूरहमध्ये लोकर, केस आणि शरीराचे रक्षण करणारी वस्त्रे यांचीही गणना ईश्वरी कृपांमध्ये केलेली आहे. हजरत मूसा (अलै.) कुटुंबासह प्रवासात असताना त्यांना तूर पर्वताच्या बाजूला आग दिसली. घरच्यांना थांबायला सांगून ते तिकडे निघाले, ते वाटेची काही खबर मिळावी किंवा निदान एखादा निखारा आणता यावा आणि घरच्यांना शेकता यावे, या हेतूने. सूरह अल्-कससच्या २९व्या आयतीत हा प्रसंग आला आहे. कुटुंबाला ऊब मिळावी म्हणून निघालेल्या माणसाला त्याच वाटेवर प्रेषितत्व लाभले. आपल्या माणसांना थंडीपासून वाचविण्याची धडपड ही दुनियादारी नसून धर्माच्या वाटेवरचेच एक पाऊल आहे, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु हीच आग एका हदीसमध्ये वेगळ्या नावाने समोर येते. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मदीनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी आली तेव्हा त्यांनी सांगितले की ही आग तुमची शत्रू आहे, म्हणून झोपताना ती विझवीत जा. जी वस्तू कुरआनात देणगी म्हणून येते, ती येथे शत्रू ठरते. या दोन कथनांत विरोध नाही. माणूस जागा असतो, तिच्याजवळ बसलेला असतो, तिच्याकडे लक्ष ठेवून असतो, तोवर ती सेवक असते. त्याचे डोळे मिटले की तिच्यावर कोणाचा ताबा उरत नाही. फरक आगीत पडत नाही, माणसाच्या सावधपणात पडतो.

प्रेषितांची (स.) शिकवण केवळ आज्ञा देऊन थांबत नाही, ती कारणही सांगते. हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये रात्री भांडी झाकणे, पाण्याच्या पखालींची तोंडे बांधणे, दारे लावणे आणि दिवे विझविणे या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. दिव्याच्या बाबतीत कारण दिले आहे ते उंदराचे. उंदीर तेलाने भिजलेली जळती वात ओढून नेतो आणि घरातील माणसे जळतात. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या कथनानुसार असा प्रकार खुद्द प्रेषितांसमोर (स.) घडला. उंदराने ओढत आणलेली वात ते बसलेल्या चटईवर पडली आणि चटईचा दिरहमएवढा भाग जळाला. धोका किती क्षुल्लक दिसणाऱ्या वाटेने घरात शिरतो, याचे याहून साधे उदाहरण दुसरे कोणते असेल?

कारण सांगितलेले असल्यामुळेच पुढील काळातील विद्वानांना या आदेशाचा व्याप ठरविता आला. इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात म्हटले आहे की हा आदेश दिव्याच्या आणि इतरही सर्व प्रकारच्या आगीला लागू आहे. मशिदींतून टांगलेल्या कंदिलांमुळे आग लागण्याचे भय असेल तर तेही विझविले पाहिजेत, आणि भय नसेल तर हरकत नाही, कारण मग आदेशामागील कारणच उरत नाही. या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जेथे कारण आहे तेथे आदेश आहे, मग वस्तूचे रूप कितीही बदललेले असो.

आज ते रूप पुष्कळच बदलले आहे. महाराष्ट्र हा काही हिमप्रदेश नव्हे. तरीही नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्या खाली उतरलेला आहे, आणि खानदेश, मराठवाडा व विदर्भातील रात्रीही अंगावर काटा आणणाऱ्या असतात. आपल्या घरांत उबेची साधने म्हणजे कोळशाची शेगडी, अंगणातला बंब, बादलीत सोडायचा विजेचा रॉड, खोलीतला हीटर आणि न्हाणीघरातला गॅस गिझर. यांतील काही साधनांतून ज्वाला दिसते, काहींतून दिसत नाही, आणि सर्वांत मोठे संकट तर मुळीच दिसत नाही.

कोळसा किंवा गॅस पुरेशी हवा नसलेल्या जागेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गुंगी येते. थंडीच्या रात्री पांघरुणात असलेल्या माणसाला ही गुंगी झोपेसारखीच वाटते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. शेगडीतील निखारे लाल झाले आणि धूर थांबला की आता भय नाही असे अनेकांना वाटते. वास्तविक धूर न सोडणारे निखारेही हा वायू सोडीतच असतात. गॅसच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. सिलिंडरमधील गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. पण न्हाणीघराची दारे-खिडक्या लावून गिझर चालविला असता जळण्यातून जो वायू निर्माण होतो, त्याला वास नसतो. मदीनेतील घराला निदान ज्वाळा तरी दिसल्या असतील. येथे तेवढीही सूचना मिळत नाही.

या संदर्भात बाळंतिणीच्या खोलीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे, मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, बाळंतीण आणि बाळ यांना वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करण्याची आणि बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. यामागील माया खरी आहे. आजी किंवा सासू रात्र-रात्र उठून निखारे फुंकते ते लेकरावरील प्रेमापोटीच. परंतु तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे खोलीतील दूषित हवेचा मारा त्याच्यावर लवकर आणि अधिक होतो. बाळाला शेक अवश्य द्यावा, पण शेकणारे माणूस जागे असताना आणि हवेला वाट ठेवून द्यावा. शेक संपला की शेगडी खोलीबाहेर गेली पाहिजे. मग बाळाला ऊब द्यायला आईचे अंग, टोपडे, दुपटे आणि गोधडी आहेतच.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने चांगल्या हेतूने शेगडी पेटविली आणि विझवायची राहून गेली, त्याला दोष द्यावा काय? कर्मांचा आधार हेतूवर आहे, हे तर आपण सर्वच जाणतो. मग हेतू शुद्ध असल्यावर प्रश्न संपला, असे कोणी म्हणेल. सुनन अबू दाऊदमधील हजरत जाबिर (रजि.) यांचे एक कथन याचे उत्तर देते. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच अवस्थेत त्यांच्यावर गुस्ल आवश्यक झाले. मला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी स्नान केले आणि ते मरण पावले. त्या सोबत्यांचा हेतू वाईट मुळीच नव्हता, उलट ते आपल्या समजुतीप्रमाणे शरीयतचेच रक्षण करीत होते. तरीही ही हकिगत कळताच प्रेषित (स.) अत्यंत क्रुद्ध झाले आणि त्या लोकांनीच त्यास मारले, असे त्यांनी म्हटले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारायला हवे होते, कारण अज्ञानावरील औषध विचारणे हेच आहे, असेही त्यांनी बजाविले.

या हदीसमधून एक कठोर पण न्याय्य तत्त्व हाती येते. दुसऱ्याचा जीव ज्याच्या शब्दावर किंवा कृतीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी चांगला हेतू पुरेसा नाही. जाणून घेणे हेही त्याचे कर्तव्य आहे. सूरह अन्-निसाच्या ९२व्या आयतीत नकळत घडलेल्या हत्येसाठीही भरपाई आणि प्रायश्चित्त सांगितले आहे ते याच कारणाने. हेतू नसल्यामुळे गुन्ह्याचे स्वरूप बदलते, पण गेलेल्या जिवाचे मोल कमी होत नाही. ज्या काळी हा वायू कोणाला ठाऊक नव्हता त्या काळच्या माणसाची गोष्ट वेगळी. आज ही माहिती वर्तमानपत्रांतून आणि डॉक्टरांकडून घरोघर पोहोचलेली असताना ठाऊक नव्हते असे म्हणणे हा बचाव उरत नाही.

काही जण नशिबाचा आधार घेतात. जे व्हायचे ते होणारच, मग खिडकी उघडी ठेवून काय मोठे साधणार, असे ते म्हणतात. तकदीरवर श्रद्धा हा ईमानचा भाग आहे, याविषयी दुमत नाही. परंतु उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असेच सांगितले. तिर्मिजीच्या संग्रहात ही हदीस आहे. स्वतः प्रेषितांपेक्षा (स.) अधिक भरवसा अल्लाहवर कोणाचा असणार? तरीही दिवा विझविण्याची शिकवण त्यांनीच दिली. सावधपणा हा भरवशाच्या विरुद्ध नाही, तो भरवशाचा पहिला अर्धा भाग आहे.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. झोपताना आग विझविली की जीव वाचतो, त्याचबरोबर इंधनही वाचते. अपव्यय टाळणे आणि जीवरक्षण करणे, ही दोन कर्तव्ये या एका कृतीत एकत्र येतात. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे भाऊ म्हटले आहे, आणि दोनच आयतींनंतर हात मानेला बांधून ठेवू नये व तो अगदी मोकळाही सोडू नये, असे समजाविले आहे. प्रेषितांची (स.) स्वतःची रीत पाहावी. हजरत अनस (रजि.) सांगतात की ते एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक साअपासून पाच मुदपर्यंत पाण्यात गुस्ल करीत. मुद म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरेल इतके माप, आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास, हनफी हिशेबाने थोडे अधिक. चार मुद मिळून एक साअ होतो. आपण मात्र फजरच्या वेळी ऊन पाण्याचा नळ सोडतो, बाह्या सरसावतो, बोलत बोलत वुजू करतो आणि तेवढ्यात दहा-बारा लिटर पाणी सहज वाहून जाते.

हे केवळ पाणी नसते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.४४ युनिट वीज लागते. आपल्या देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून बनते, आणि एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र किंवा नागपूरजवळचे कोराडीचे केंद्र येथे तो जळतो, त्याची राख आणि धूर तेथील रहिवाशांच्या वाट्याला येतो. आपल्या न्हाणीघरात विनाकारण वाहून गेलेले ऊन पाणी अशा रीतीने आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाच्या छातीत खोकला होऊन राहते. बिल भरण्याची ऐपत असणे हा अपव्ययाचा परवाना नाही, कारण किमतीचा एक भाग आपण भरतच नसतो.

तथापि काटकसर आणि जीवरक्षण ही दोन कर्तव्ये नेहमीच एकत्र चालत नाहीत. कधी कधी ती समोरासमोर उभी राहतात. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीची शेवटची फटही कापड कोंबून बंद केली जाते. चार पैसे वाचावेत म्हणून घरमालक भाडेकरूच्या झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर बसवून देतो. वृद्ध वडिलांच्या खोलीतला हीटर बिलाच्या भीतीने बंद ठेवला जातो. येथे निवाडा कसा करावा? याचे उत्तर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्या प्रसंगात मिळते. हिजरी सन ८ मधील जातुस्सलासिलच्या मोहिमेत एका अतिशय थंड रात्री त्यांच्यावर गुस्ल आवश्यक झाले. थंड पाण्याने स्नान केल्यास जीव जाईल असे भय वाटल्याने त्यांनी तयम्मुम केले आणि सोबत्यांना फजरची नमाज पढविली. परतल्यावर प्रेषितांनी (स.) विचारणा केली, तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव घेऊ नका हा सूरह अन्-निसामधील ईश्वरी आदेश आधारासाठी पुढे केला. त्यावर प्रेषित (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. नमाजसारख्या उपासनेची अट जेथे जिवासाठी सौम्य होते, तेथे विजेच्या बिलाची काय कथा?

म्हणून क्रम स्पष्ट आहे. प्रथम जीव, मग काटकसर, आणि सर्वांत शेवटी आपली सोय. आपली सोय कमी करून केलेली बचत ही काटकसर होय. दुसऱ्याचा जीव टांगणीला लावून केलेली बचत हा कंजूषपणा आहे आणि त्याची विचारणा होणार आहे. याच क्रमाने आणखी एक शंका मिटते. थंड पाण्याने वुजू केल्यास पुण्य अधिक, म्हणून घरातील म्हाताऱ्यांनीही तसेच करावे असा आग्रह काही ठिकाणी दिसतो. अडचण असतानाही वुजू नीट पूर्ण करण्याचे मोठे पुण्य हदीसमध्ये सांगितले आहे, परंतु ते समोर आलेली अडचण सोसण्याचे आहे, मुद्दाम अडचण ओढवून घेण्याचे नाही. हजरत उमर (रजि.) यांनी ऊन पाण्याने वुजू केल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. वृद्धांसाठी तांब्याभर पाणी तापवून ठेवणे ही सेवा आहे आणि त्याला फार इंधनही लागत नाही.

ऊब ही केवळ घराच्या चार भिंतींपुरती बाबही नाही. पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, अशी हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. ऐन थंडीत आपल्या राज्यात उसाची तोडणी चालू असते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून गेलेली कुटुंबे लहान लेकरांसह फडाजवळ कोप्यांमध्ये राहतात. शहरांत रात्रपाळीचा रखवालदार इमारतीच्या दाराशी पुठ्ठे जाळून बसतो. नळ वेळीच बंद करून, गिझर तासन्‌तास चालू न ठेवून वाचलेल्या पैशांतून एक चांगली घोंगडी येते. आपण बचत करतो ती साठविण्यासाठी की पोहोचविण्यासाठी, यावर तिचे मोल ठरते.

घरात करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. शेगडी उघड्या जागी पेटवावी आणि झोपण्यापूर्वी खोलीबाहेर न्यावी. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. तोवर निदान झरोका उघडा ठेवून बादली आधी भरून घ्यावी आणि गिझर बंद करून मगच स्नानास जावे. रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. हीटर पांघरूण आणि पडदे यांपासून दूर असावा आणि निजताना बंद व्हावा. बंद खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर सर्दी-पडसे समजून न थांबता सर्वांना लगेच उघड्यावर आणावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

पण हे करावयाचे कोणी? या प्रश्नाचेही उत्तर आपल्या विद्वानांनी शोधून ठेवले आहे. इमाम कुर्तुबी (रह.) यांच्या म्हणण्यानुसार घरात माणूस एकटाच असेल तर आग विझविणे त्याचे कर्तव्य आहे. अनेक जण असतील तर ते त्यांच्यापैकी कोणावर तरी येते, आणि त्याचा सर्वाधिक भार सर्वांत शेवटी झोपणाऱ्यावर आहे. यात हयगय करणारा सुन्नत सोडणारा ठरतो. तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. तिचा अर्थ रात्री अकरा वाजता, घरातील सारे निजले असताना, उठून एक बटण बंद करण्याइतका जवळचा आहे. त्या वेळी पाहणारे कोणी नसते, शाबासकी देणारे कोणी नसते, आणि सकाळी उठलेल्यांना आपण कशातून वाचलो हे कळतही नाही. ज्याला झोप नाही आणि डुलकीही नाही, त्या अल्लाहला मात्र ते ठाऊक असते.

अल्लाह आपल्या घरांचे रक्षण करो, त्याने दिलेल्या उबेचा योग्य वापर करण्याची आणि ती इतरांपर्यंत पोहोचविण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.